सुहा : मुलीसाठी हे नाव कसं वाटतं? अर्थ नक्की काय?

दापोलीची_लेक

नमस्कार मंडळी. मुलगी झालीय, आम्ही दोघीही मजेत आहोत आणि घरात सध्या नावावरून जोरात चर्चा चालू आहे. नवरा कुवेतला असतो, तो आल्याशिवाय अकीका (बाळ झाल्यावरचा विधी, त्यातच नाव ठेवतात) करायचा नाही असं ठरलंय म्हणून अजून थोडा वेळ हातात आहे.

माझ्या मनात "सुहा" हे नाव आहे. नणंद लहानपणी कुवेतला शाळेत होती तेव्हा तिला अरबी शिकवणाऱ्या बाईंचं हे नाव होतं, आणि ती त्या बाईंबद्दल इतकं जीव लावून बोलते की ते नाव माझ्याही कानात बसलंय. छोटं आहे, मराठीत लिहायला सोपं आहे, आणि आमच्या अख्ख्या गावात कुणाचं नाही.

पण अर्थ शोधायला गेले आणि डोकं गरगरलं. एक वेबसाइट म्हणते तारा, दुसरी म्हणते फूल, तिसरी म्हणते सौंदर्य, एकीवर तर लकी नंबर आणि लकी रंगसुद्धा दिलाय पण अर्थाच्या जागी नुसतं "मुस्लिम मुलीचं नाव" एवढंच. त्यात सासऱ्यांच्या ओळखीच्या एका बुजुर्गांनी सांगितलं की हा शब्द "सह्व" वरून आलाय, सह्व म्हणजे भूल, विसर, नमाजमध्ये काही राहून गेलं की आपण सजदा-ए-सह्व करतो ना तोच सह्व, मग पोरीचं नाव काय "विसरलेली" ठेवणार? तेव्हापासून सासूबाई नावाचा विषय निघाला की काही बोलत नाहीत, उठून आत जातात. मला त्यांचं मन मोडून काहीच करायचं नाहीये, पण नावही सोडवत नाहीये. कुणाला नीट माहिती असेल तर प्लीज सांगा, अर्थ काय, अरब लोक खरंच हे नाव ठेवतात का, की ते कुठेतरीच सापडणारं आहे?

कोयनाकाठ

अभिनंदन गं! बाळाला आणि तुला खूप आशीर्वाद. नाव गोड आहे, मला पटकन सुहासिनी आठवलं. अर्थाचं जाणकार सांगतीलच.

उत्तररात्र

अभिनंदन ताई. अरबी मला येत नाही पण आकाश बघायचं वेड आहे, आणि तुमचं हे नाव आकाशातलं आहे म्हणून राहवलं नाही.

सुहा हा खराखुरा तारा आहे. आणि नुसता तारा नाही, आपली अरुंधती! म्हणजे अगदी तीच, दुसरी कुठली नाही. सप्तर्षी माहीत आहेतच, चार ताऱ्यांचा चौकोन आणि मागे तीन ताऱ्यांची शेपटी. शेपटीच्या टोकाचा मरीची, त्याच्या अलीकडचा मधला तो वसिष्ठ. त्या वसिष्ठाला अगदी खेटून एक बारीक तारा दिसतो, तिला आपण अरुंधती म्हणतो. वसिष्ठाचं इंग्रजी पुस्तकातलं नाव मिझार, तेही मूळ अरबीच, आणि अरुंधतीला तिथे अल्कोर म्हणतात. पण जुने अरब तिला "अस्सुहा" म्हणायचे.

अब्दुर्रहमान अस्सूफी म्हणून इराणातले मोठे खगोलज्ञ होऊन गेले, त्यांनी ९६४ च्या सुमारास स्थिर ताऱ्यांवर अरबीत ग्रंथ लिहिला, त्यात हा तारा सुहा या नावाने आहे आणि लोक त्यावर नजर तपासून बघतात असंही दिलंय. म्हणजे हजार वर्षांपूर्वीसुद्धा हे नाव जुनंच होतं.

मे महिन्यात रात्री नऊच्या सुमाराला उत्तरेकडे तोंड करून उभ्या राहा, सप्तर्षी चांगले उंचावर असतात. दापोलीकडे अजून अंधार आहे, अंगणातूनसुद्धा दिसेल. दोन ताऱ्यांमधलं अंतर साधारण १२ कला आहे, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या अर्ध्याहून थोडं कमी. निरोगी डोळा १ कलेचं अंतरही वेगळं करू शकतो, त्यामुळे हे दिसायला तसं अवघड नाही, फक्त वसिष्ठ तिच्यापेक्षा बराच तेजस्वी आहे म्हणून ती पटकन ध्यानात येत नाही. सासूबाईंना चष्मा असेल तर लावूनच दाखवा.

मिरजेचे_मास्तर

बेटी, मुबारक. मी उर्दूचा शिक्षक, आता निवृत्त. वरच्या भाऊंनी आकाशाची बाजू उत्तम सांगितली, मी शब्दाची सांगतो.

तुमच्या बुजुर्गांचं म्हणणं खोटं नाही, पण अर्धंच आहे. अरबीत हा शब्द सीन, हे आणि शेवटी अलिफ असा लिहितात. सीन-हे-वाव या मुळाचा अर्थ लक्ष नसणं, नजरेतून सुटणं, आणि त्याच मुळातून सह्व आलाय. हा तारा इतका मंद की बघणाऱ्याच्या नजरेतून सुटतो, म्हणून त्याला सुहा म्हणाले असं सांगतात. चूक करणारी किंवा विसरलेली असा अर्थ त्यात कुठे येत नाही. चूक झाली तर ती बघणाऱ्याच्या नजरेची, ताऱ्याची नाही. आणि अरबांनी मुलींना नाव दिलं ते ताऱ्यावरून, मुळातल्या क्रियापदावरून नव्हे.

इब्न मन्झूर यांचा लिसानुल अरब हा अरबीतला फार मोठा शब्दकोश, तेराव्या शतकातला. त्यात सुहाचा अर्थ सरळ दिलाय : मोठ्या बनातुन्नअशमधला, म्हणजे आपल्या सप्तर्षींमधला, एक बारीक आणि मंद तारा, ज्यावर लोक आपली नजर पारखतात. फूल नाही, सौंदर्य नाही. सोबत एक म्हण आहे, "मी तिला सुहा दाखवतो आणि ती मला चंद्र दाखवते". म्हणजे एखाद्याला बारकाईची गोष्ट दाखवावी आणि त्याने ढळढळीत समोरचीच गोष्ट दाखवून मोकळं व्हावं.

वाईट अर्थाचं नाव नको ही काळजी मात्र योग्य आहे, ती मनावर घेतलीच पाहिजे. हदीसमध्ये, म्हणजे नबीजींच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहात, येतं की हजरत उमर यांच्या मुलीचं नाव आसिया होतं, अर्थ अवज्ञा करणारी, ते बदलून नबीजींनी जमीला ठेवलं. (फिरऔनच्या बीबीचं आसिया हे नाव वेगळं, त्याची अक्षरं वेगळी, त्यात काही वावगं नाही.) पण तो नियम सुहाला लागत नाही. सासूबाईंना हे माझ्यातर्फे अदबीने सांगा.

दापोलीची_लेक

मास्तर, तुमचे किती आभार मानू. तुमची पोस्ट सासऱ्यांना वाचून दाखवली, त्यांनी दोनदा वाचायला लावली. त्यांचा एक प्रश्न आहे, हे नाव कुराणात आहे का? नसेल तर चालेल का?

आणि उत्तररात्र, माझ्या लग्नाच्या आधी शेजारच्या काकूंच्या मुलीच्या लग्नात मी गेले होते तेव्हा भटजींनी नवरानवरीला बाहेर नेऊन ध्रुव आणि अरुंधती दाखवली होती. तीच का ही? अंगावर काटा आला वाचून.

मिरजेचे_मास्तर

कुराणात नाही. पण कुराणात स्त्रीचं नाव घेऊन उल्लेख आहे तो एकट्या मरियमचा. खदीजा, आयेशा, फातिमा ही नावंही कुराणात नाहीत, आणि यांच्यापेक्षा मानाची नावं कुठली? नावाचा अर्थ चांगला असावा, त्यात शिर्क, म्हणजे अल्लाहच्या बरोबरीने दुसऱ्या कुणाला मानणं, नसावं, एवढं बघतात.

ताऱ्यांची नावं तर आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सुरैया म्हणजे कृत्तिका, परवीन म्हणजेही कृत्तिका, फक्त ते फारसी. झोहरा म्हणजे शुक्र, नाहीदही शुक्र. मुलांमध्ये सुहैल, तो अगस्तीचा तारा. त्याच घरातलं हे सुहा.

उत्तररात्र

ताई, हो, तीच! लग्नात दाखवतात ती हीच अरुंधती.

आणि अरबांची म्हण वाचून मला आपला अरुंधती-न्याय आठवला. बारीक अरुंधती एकदम दिसत नाही म्हणून आधी जवळचा मोठा तारा दाखवायचा, मग म्हणायचं हा नव्हे, याच्या शेजारची. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात हा दाखला दिलाय. म्हणजे त्या एका ताऱ्यापाशी तिकडच्यांनी आणि इकडच्यांनी दोघांनी एकच गोष्ट धरली, बघायला शिकवणं.

यातली सगळ्यात भारी गोष्ट तर अल बिरुनीची. महमूद गझनवीच्या काळात तो इकडे आला, संस्कृत शिकला आणि १०३० च्या सुमारास त्याने हिंदुस्थानावर मोठा अरबी ग्रंथ लिहिला. त्यात सप्तर्षींवर एक प्रकरण आहे. तो सांगतो की हिंदू लोक यांना सात ऋषी मानतात, ते तपस्वी होते आणि त्यांच्याबरोबर एक सुशील स्त्री होती, आणि त्या स्त्रीच्या जागी तो थेट अस्सुहा लिहितो! म्हणजे अरुंधती म्हणजेच सुहा हे काही मी आज इंटरनेटवर जुळवलेलं नाही, हजार वर्षांपूर्वी एका माणसाने दोन्हीकडचं आकाश ओळखून लिहून ठेवलंय. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून गच्चीवर गेलो होतो.

भुईनळा

धागा फार सुंदर चाललाय, वाचतेय. एक शंका, कुणाला दुखवायला नाही. आमच्याकडे आजी म्हणायची की ज्याला अरुंधती दिसेनाशी झाली त्याचं मरण सहा महिन्यांवर आलं. सुश्रुतसंहितेतही असं काहीतरी आहे ना? मग ज्या ताऱ्याशी असली समजूत जोडलेली आहे त्याचं नाव लहान बाळाला?

उत्तररात्र

आहे, सुश्रुतसंहितेत आहे. ज्याला अरुंधती, ध्रुव, आकाशगंगा दिसत नाहीत त्याचं आयुष्य सरलं असं लक्षण दिलंय. पण आजही तिकडे बघा आणि इकडे बघा, म्हातारपणी दृष्टी अधू झाली की सगळ्यात आधी बारीक तारेच जाणार. वैद्याच्या हातात तेव्हा दुसरं साधन काय होतं? त्या तारकेत अशुभ काही नाही, उलट ती दिसतेय तोवर सगळं ठीक आहे असाच त्याचा अर्थ. आणि अरुंधती नावाच्या मुली आपल्याकडे किती आहेत, कोणी या कारणाने टाळलंय असं मी ऐकलं नाही.

अम्मानकर

मी मूळचा सोलापूरचा, गेली बरीच वर्षं जॉर्डनमध्ये नोकरीला. नाव किती चालतं त्याबद्दल सांगतो.

अरब जगात हे ओळखीचं नाव आहे, ऐकून कुणी भुवया उंचावणार नाही, पण आता नवीन बाळांना फारसं ठेवत नाहीत. माझ्या ऑफिसात ज्या सुहा भेटल्या त्या सगळ्या पन्नाशीच्या आसपासच्या, बँकेत, शाळेत, मंत्रालयात काम करणाऱ्या बायका. हल्लीच्या मुलींची नावं ऐकाल तर लयान, जूरी, तालिया, अशी. त्यामुळे इथे सुहा म्हटलं की एखादी कर्तबगार मावशी डोळ्यासमोर येते. मला तरी ते आवडतं.

प्रसिद्ध बायकांमध्ये पहिलं नाव सुहा अराफत, यासर अराफत यांच्या पत्नी, जन्म १९६३. दुसऱ्या लेबनॉनच्या सुहा बिशारा, जन्म १९६७, ज्यांनी १९८८ मध्ये इस्रायलच्या बाजूने लढणाऱ्या दक्षिण लेबनॉनमधल्या फौजेच्या प्रमुखावर गोळ्या झाडल्या आणि मग खियामच्या तुरुंगात दहा वर्षं काढली. लक्षात घ्या, दोघीही ख्रिश्चन घरात जन्मलेल्या. आपल्याकडे अरबी नाव म्हटलं की मुस्लिम नाव असं धरून चालतात, त्या वेबसाइटवर लिहिलंय तसं. इथे तसं नाही. सुहा हे अरबी भाषेचं नाव आहे, ती भाषा ज्यांची त्या सगळ्यांचं. माझी शेजारीण सुहा दर रविवारी चर्चला जाते आणि समोरच्या इमारतीतली सुहा हाजी आहे.

इजिप्तमध्ये उच्चार सोहाकडे झुकतो. आपल्याकडची सोहा अली खान आहे ते हेच नाव, भारतात म्हणूनच सोहा जास्त ऐकलं जातं आणि सुहा फार थोड्या घरांत.

गंमत म्हणजे तुर्कस्तानात हेच नाव पुरुषांचं आहे! तिकडे सुहा म्हणजे बाप्या. तेव्हा कधी इस्तंबूलला गेलात तर पोरीचं नाव ऐकून लोक पुन्हा विचारतील.

गव्हाळ_रंग

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. माझंही नाव असंच क्वचित सापडणारं आहे. शाळेत प्रत्येक नवीन बाई हजेरी घेताना अडायच्या, मग सगळा वर्ग वळून बघायचा. बँकेत एक स्पेलिंग, आधारवर दुसरं. तुमच्या पोरीला इथे लोक सुहास करतील, सुहानी करतील, स्वाहा पण करतील. वर अर्थ विचारल्यावर तिला दर वेळी अख्खी गोष्ट सांगावी लागणार, तारा आहे, मंद आहे, पण वाईट नाही. आईबापांना नाव ठेवताना जो आनंद होतो त्याची किंमत मूल भरतं. सोपं नाव ठेवा, ज्याचा अर्थ कुणी विचारतच नाही. नूर ठेवा, सना ठेवा.

कोयनाकाठ

हे पटलं नाही गं. दोन अक्षरांचं नाव आहे, त्यात काय अडणार? आणि अर्थ सांगायला अशी गोष्ट मिळणं ही किंमत कुठे, ती तर शिदोरी झाली. माझ्या वर्गात चार स्मिता होत्या, आम्हाला आडनावानेच ओळखायचे.

दापोलीची_लेक

गव्हाळ, राग कसला, तू स्वतः सोसलंयस म्हणून सांगतेयस. पण मला वाटतं त्रास नावाच्या वेगळेपणाचा कमी आणि कागदांवरच्या घोळाचा जास्त होतो. तो घोळ पहिल्या दिवसापासून टाळता आला तर?

मला "मंद" या शब्दाचं आधी थोडं वाईट वाटलं होतं, खरं सांगते. घरच्यांनाही तेच खटकतंय आता. सह्वचं मिटलं, पण सासूबाई म्हणाल्या चमकणारा तारा घ्यायचा सोडून मिणमिणता का?

उत्तररात्र

ताई, सासूबाईंना हे सांगा. ती इथून मिणमिणती दिसते कारण ती ८० हून जास्त प्रकाशवर्षं लांब आहे. स्वतः ती आपल्या सूर्यापेक्षा कितीतरी तेजस्वी आणि तापलेली तारका आहे, पांढरीशुभ्र. सूर्याला तिच्या जागी नेऊन ठेवला तर तो नुसत्या डोळ्यांनी दिसणारसुद्धा नाही, ती मात्र इतक्या लांबून दिसते.

आणि ती एकटी नाही. वसिष्ठाकडे दुर्बिणीतून पाहिलं तर तो दोन ताऱ्यांचा दिसतो, त्या दोन्हींची पुन्हा प्रत्येकी जोडी आहे, म्हणजे चार. अरुंधतीलाही २००९ मध्ये एक छोटा लाल सोबती सापडला. डोळ्यांना दोन दिसतात तिथे सहा जण आहेत. हजारो वर्षं लोक तिच्याकडे बघताहेत आणि तिच्याजवळ काय आहे ते आत्ता कुठे कळतंय.

मिरजेचे_मास्तर

यात एक भर. अबुल अला अलमअर्री, सीरियातले महाकवी, जन्म ९७३, म्हणजे वर बिरुनी आला त्याचंही जन्मवर्ष हेच. लहानपणी देवीच्या रोगाने त्यांची दृष्टी गेली. त्यांच्या एका प्रसिद्ध कसीद्यात (दीर्घ कवितेत) उलट्या झालेल्या जगाचं वर्णन आहे, तिथे सुहा सूर्याला म्हणते की तू फिकी आहेस. (अरबीत सूर्य स्त्रीलिंगी.) असं जग आलं तर त्यात जगायचं कशाला, असा भाव. ज्यांना सुहा दिसण्याचा प्रश्नच नव्हता त्या माणसाच्या ओळीत ती इतकी लखलखीत आहे. नजर पारखणारा तारा एका अंध कवीने अमर केला, बेटी, याहून मोठा मान नावाला काय असतो मला ठाऊक नाही.

भुईनळा

मास्तर, निःशब्द. माझी शंका मी मागे घेत नाही पण उत्तर मिळालं. ठेव गं हेच नाव.

खाटल्याचा_पाया

थोडं अवांतर. वर बनातुन्नअश आलंय, त्याचा अर्थ तिरडीच्या मुली असा ना? चौकोन म्हणजे तिरडी आणि मागे चालणाऱ्या तीन मुली. आमच्या विदर्भात गोंड लोक याच चौकोनाला म्हातारीची खाट म्हणतात आणि मागचे तिघे ती पळवायला आलेले चोर. चार पायांचं काहीतरी आणि मागे तिघं, अरबस्तानात पण तेच, इकडे पण तेच. आकाश वाचायची माणसाची पद्धत किती सारखी आहे.

दापोलीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नवऱ्याला व्हिडिओ कॉलवर सगळा धागा वाचून दाखवला, तो म्हणाला आता दुसरं नाव सुचवायचंच नाही. सासऱ्यांचा होकार आहे. सासूबाई अजून पूर्ण हो म्हणाल्या नाहीत, पण आज दुपारी बाळाला तेल लावताना "सुहाबानू" अशी हाक मारली, मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

आता शेवटचा प्रश्न. स्पेलिंग यू घालून की ओ घालून? आणि हॉस्पिटलने जन्माची नोंद केलीय पण नावाची जागा कोरी आहे, उशीर झालाय का?

अम्मानकर

उशीर अजिबात नाही. नोंद २१ दिवसांत झालेली असली की पुरे, नाव नंतर घालता येतं. १ वर्षाच्या आत विनाशुल्क, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण घाई नसली तरी आळस करू नका, पासपोर्टला नावासकट दाखला लागतो.

स्पेलिंग यू चंच करा. ओ घातलात तर तिकडे कुवेतला अरबीत उतरवताना कारकून मधे वाव घालून सोहा करून ठेवेल आणि मग तो दुरुस्त करताना नाकी नऊ येतात, माझ्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या बाबतीत झालंय. यू लिहूनसुद्धा सोबत अरबी अक्षरांत नाव लिहिलेला कागद द्याच, सीन-हे-अलिफ. शेवटचा अलिफ दोन प्रकारे लिहितात, सरळ उभा किंवा ये सारखा वळलेला, दोन्ही बरोबर आहेत, फक्त एक ठरवा आणि सगळ्या कागदांवर तोच ठेवा. आडनाव आणि वडिलांचं नाव नवऱ्याच्या पासपोर्टवर आहे तसंच्या तसं, एक अक्षर इकडे तिकडे नको.

मिरजेचे_मास्तर

सरळ उभा अलिफ घ्या. मुलांना शिकवायला सोपा जातो.